असेंबलर मॅक्रोत चालता-चालता तयार होणारी व्हेरिएबलची नावं: ठेवावीत की उपटावीत?

शेवटचा_डबा
इथे मेनफ्रेमवाले बरेच आहेत असं ऐकून आहे, म्हणून विचारतोय.

एका बँकेचं काम आहे. झेड/ओएस (आयबीएमची मेनफ्रेम प्रणाली), वर सगळा कोबॉल, पण खाली असेंबलरचे (यंत्राच्या सर्वांत जवळच्या भाषेचे) काही मॅक्रो (असेंबल होताना कोडच्या ओळी आपोआप लिहून देणारे तुकडे) आहेत ज्यांना कुणी वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. त्यातला एक शुल्काचं टेबल बनवतो. व्यवहाराचे ४० प्रकार, शाखांचे १२ वर्ग, प्रत्येक जोडीला एक दर. मॅक्रो सगळे दर गोळा करतो आणि शेवटी डीसीच्या (प्रोग्रामात स्थिर संख्या ठेवणाऱ्या) ओळी ओततो. गोळा करायची ओळ अशी आहे (इथला एडिटर ॲम्परसँडच्या पुढची रोमन अक्षरं गिळतो, म्हणून नावं देवनागरीत लिहितोय):

&(शु&प्र.$&व)  सेटए  &दर

(सेटए म्हणजे ‘ही संख्या या व्हेरिएबलला दे’; प्र हा व्यवहाराचा प्रकार, व हा शाखेचा वर्ग.) म्हणजे प्र=३, व=४ असेल तर &शु३$४ नावाचं व्हेरिएबल तिथल्या तिथे जन्माला येतं. आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमच्या एडिटरमध्ये) फाइंड मारून हे नाव शोधलं तर अख्ख्या लायब्ररीत सापडत नाही. साहजिक आहे, ते कुणी लिहिलेलंच नाही.

आता बँकेला तिसरा निकष हवाय: माध्यम (शाखा, एटीएम, मोबाइल). दोन रस्ते दिसतात. आणखी एक $ जोडून &(शु&प्र.$&व.$&मा) करायचं, किंवा हे सगळं काढून साधा ॲरे (एकाच नावाखाली क्रमांकाची घरं) लावायचा. लीड म्हणतो "चालतंय ना? मग हात लावू नकोस." तुम्ही काय कराल?

कावळा_काव
लीड बरोबर आहे. धागा बंद करा.

टिंबटिंब
यात नवीन काय आहे? लेबलांना &सिसएनडीएक्स (मॅक्रोच्या प्रत्येक वापरागणिक वाढणारा क्रमांक) जोडून आपण रोजच नावं बनवतो की. लूप०००१, लूप०००२. तेच आहे हे.

पंचकार्ड_काका
@टिंबटिंब, तेच नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता ते लेबल हा शेवटी नुसता मजकूर असतो. मॅक्रो उलगडला की ‘लूप०००१’ ही अक्षरं ओळीत छापली जातात, पुढे असेंबलर त्याला पत्ता देतो, आणि ते क्रॉस रेफरन्समध्ये (असेंबलरने छापलेल्या नावांच्या यादीत) दिसतं. डबेसाहेबांच्या ओळीतली चीज वेगळी आहे. तिला आयबीएमच्या मॅन्युअलात क्रिएटेड सेट सिम्बॉल म्हणतात. कंसातला मजकूर आधी सोडवायचा, जे उत्तर येईल ते व्हेरिएबलचं नाव समजायचं आणि मग त्या व्हेरिएबलची किंमत वाचायची किंवा लिहायची. हे सगळं असेंबली होत असतानाच घडतं आणि तिथेच संपतं. ऑब्जेक्ट कोडमध्ये (असेंबलरमधून बाहेर पडणाऱ्या यंत्रभाषेत) याचा मागमूस राहत नाही. प्रोग्राम चालताना &शु३$४ असं काही अस्तित्वातच नसतं, असते ती फक्त डीसीतून पडलेली संख्या.

मी शिकलो तेव्हा असेंबलर एफ होता. नावं जास्तीत जास्त आठ अक्षरांची आणि ही कंसाची सोय नाही. एका दरासाठी एआयएफची अख्खी शिडी लिहायचो: प्रकार १ असेल तर इकडे जा, २ असेल तर तिकडे. सोय आली असेंबलर एचमध्ये. पुढे १९९२ साली हाय लेव्हल असेंबलर आला, त्यातही ती आहे. तयार झालेलं नाव ॲम्परसँड सोडून ६२ अक्षरांपर्यंत चालतं, पहिलं अक्षर आकडा नसावा एवढंच.

आणि त्या ओळीतला &प्र नंतरचा टिंब पाहिलात का? तो शोभेचा नाही. $ हे असेंबलरच्या दृष्टीने अक्षरच आहे, तसेच # आणि @ सुद्धा. टिंब गाळलात तर &प्र$ नावाचं भलतंच व्हेरिएबल शोधायला जाईल. टिंब म्हणजे ‘नाव इथे संपलं’. सोडवताना ते गळून पडतं.

टिंबटिंब
माझ्या आयडीचा एवढा आदर इथे पहिल्यांदाच झाला. धन्यवाद काका. फरक समजला.

हिंजवडी_फेज_चार
काका, मग तो $ तरी कशाला? सरळ &(शु&प्र.&व) का नाही?

पंचकार्ड_काका
प्रकार १ आणि वर्ग १२ घ्या. नाव होईल शु११२. आता प्रकार ११ आणि वर्ग २ घ्या. तेही शु११२. पहिला मजला बारावी खोली आणि अकरावा मजला दुसरी खोली, दोन्ही दारांवर ११२ची पाटी. दुसरा दर पहिल्यावर चढून बसेल, असेंबलर एक शब्द बोलणार नाही, आणि बँक चुकीचं शुल्क कापत राहील. डबेसाहेबांचा मूळ लेखक जाणता होता. तीन मितींचा ॲरे असा $ घालून कसा उभा करायचा हे मॅन्युअलातच दिलेलं आहे.

क्लिनिकल_कमल
मी सॅसवाली (आकडेवारीच्या विश्लेषणाची भाषा). औषधचाचण्यांचा डेटा, मेनफ्रेमशी संबंध शून्य, तरी धागा वाचतेय कारण आमच्याकडे हे रोज असतं: &&दर&आय. सॅस पहिल्या फेरीत दोन ॲम्परसँडचा एक करतो आणि &आय सोडवतो, दुसऱ्या फेरीत &दर३ वाचतो. सॅसचा जन्म मेनफ्रेमवरच झाला ना? मग हे तिकडूनच उचललं असणार.

पंचकार्ड_काका
कमलताई, दिसायला जवळचं, पण वागणूक वेगळी. असेंबलरमध्ये अशी पुन्हा-पुन्हा फेरी होत नाही. दोन ॲम्परसँड लिहिले की ‘मला इथे खरोखरचं ॲम्परसँड चिन्ह हवंय’ एवढाच अर्थ, व्हेरिएबल वगैरे काही नाही. सॅसमधून आलेली मुलं &&दर&आय लिहून बसतात आणि विचारतात की का चालत नाही. इथे कंस हवाच. कंसात कंस घालून कितीही खोल जाता येतं मात्र.

रेक्स_टी
मी रेक्सबद्दल (मेनफ्रेमवरची स्क्रिप्टची भाषा) बोलणार नव्हतो, पण राहवत नाही. शुल्क.प्र.व.मा असं लिहा. संपलं. टिंब नावातच राहतं म्हणून १.१२ आणि ११.२ कधी एकमेकांत मिसळत नाहीत. $ नको, कंस नको, घोषणा नको.

कावळा_काव
आणि असेंबलरचं टेबलही नको. रेक्स_टी, दिवे घ्या.

नागपूर_ते_टोरांटो
मी विरोधी पक्षात. नावं बनवणारे मॅक्रो मी सांभाळले आहेत, लिहिणारे सुखाने निवृत्त झाल्यावर.

पहिला त्रास घोषणेचा. जीबीएलए (‘हे ग्लोबल, म्हणजे मॅक्रोंमध्ये सामायिक’ अशी घोषणा) न लिहिता सेटएने किंमत दिली की व्हेरिएबल गुपचूप लोकल, म्हणजे त्या मॅक्रोपुरतं होतं. सगळं एकाच मॅक्रोत असेल तोवर ठीक. पण दर भरणारा मॅक्रो एक आणि छापणारा दुसरा अशी फोड केली की प्रत्येक नाव दोन्हीकडे ग्लोबल म्हणून जाहीर करावं लागतं. प्रत्येक नाव म्हणजे ४० गुणिले १२, ४८० नावं. ती लूपमध्ये जाहीर करता येतात, जीबीएलए &(शु&प्र.$&व) असं लिहिता येतं, पण तेच नाव त्याच मॅक्रोत पुन्हा लूपखाली आलं की एएसएमए००४ई: आधीच जाहीर झालंय. छापणाऱ्या मॅक्रोत एखादं राहून गेलं तर वाचताना एएसएमए००३ई, आणि किंमत शून्य धरली जाते. ॲरे असेल तर दोन्हीकडे एक ओळ: जीबीएलए &शु(४८०). विषय संपला.

दुसरा त्रास मोजणीचा. ॲरेला एन' लावलं की सर्वांत वरचा भरलेला क्रमांक कळतो. बनवलेल्या नावांची यादी कुणाकडेच नसते. ‘शु ने सुरू होणारी सगळी दे’ असं असेंबलरला विचारता येत नाही. मग वेगळा मोजणारा ठेवा, वेगळी यादी ठेवा.

तिसरा त्रास डब्याने स्वतःच सांगितला. फाइंडला सापडत नाही. जी गोष्ट शोधता येत नाही ती बदलायला माणूस घाबरतो, आणि मग लीड म्हणतो हात लावू नकोस.

शेवटचा_डबा
आमच्याकडे भरणं आणि छापणं एकाच मॅक्रोत आहे, त्यामुळे घोषणा एकही नाही. पण हो, तो मॅक्रो इतका लांब आहे की खाली स्क्रोल करताना वरचं विसरायला होतं.

वाकड_टू_व्हर्जिनिया
जाता जाता, या कामाला अजून पैसे मिळतात का? माझा भाचा विचारतोय, पायथन सोडून हे शिकू का म्हणून.

हिंजवडी_फेज_चार
मिळतात. बाकावर बसलेले कमी आणि निवृत्त होणारे जास्त आहेत. पण भाच्याला सांगा पायथन सोडू नकोस, हे वर शिक.

कावळा_काव
भाच्याला आधी ७२वा रकाना शिकवा. ओळ पुढे चालू ठेवायची तर ७२व्या रकान्यात काहीतरी हवं आणि पुढची ओळ १६व्यापासून. एक रकाना इकडे-तिकडे झाला की संध्याकाळ गेली. पायथनवाल्यांना जागा सोडण्याचं कौतुक असतं, त्यांना आवडेल.

सातारी_कंदील
घरी सरावासाठी कुणी हर्क्युलिसवर (साध्या संगणकावर मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) एमव्हीएस ३.८ (जुनी मेनफ्रेम प्रणाली) चालवत असेल तर एक सूचना. त्यातला असेंबलर म्हणजे आयएफओएक्स००, म्हणजे असेंबलर एक्सएफ. त्याला क्रिएटेड सेट सिम्बॉल कळत नाहीत. कंस पाहिला की चुका ओकतो. सराव करायचा तर झेड३९० घ्या, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो.

शिस्तीची_माणसं
टोरांटोकर, तुमचे तिन्ही त्रास मान्य, निष्कर्ष नाही. तुम्ही जे पाडताय ते आकड्यांनी बनवलेल्या नावांचं घर. आकड्यांसाठी ॲरे आहेच, तिथे नावं बनवणं मलाही पटत नाही. या सोयीचा खरा उपयोग किल्ली अक्षरी असते तेव्हा.

आमच्याकडे कोबॉलच्या फील्डनावावरून लांबी आणि ऑफसेट (रेकॉर्डच्या सुरुवातीपासूनचं अंतर) शोधायचा मॅक्रो आहे. फील्ड हजारांत. ॲरे लावला तर प्रत्येक शोधाला एकेक घर तपासत जायचं. क्रिएटेड नाव लावलं तर किल्लीवरून थेट किंमत. असेंबलर स्वतःचं सिम्बॉल टेबल सांभाळतोच, आपण त्याच्याकडून फुकट शोध करून घ्यायचा.

अडचण अशी की कोबॉलच्या नावात आडवी रेघ असते, खाते-क्रमांक सारखी, आणि व्हेरिएबलच्या नावात ती चालत नाही. बरेच जण रेघेच्या जागी अंडरस्कोर टाकतात. मग ज्या नावात मुळातच अंडरस्कोर आहे त्याच्याशी टक्कर. शिवाय असेंबलर व्हेरिएबलच्या नावात लहान-मोठी लिपी एकच धरतो, त्यामुळे ज्या किल्ल्या फक्त तेवढ्यानेच वेगळ्या त्याही एक होतात. आम्ही सी२एक्स हे अंगभूत फंक्शन लावतो. ते किल्लीचं प्रत्येक अक्षर दोन हेक्स आकड्यांत बदलतं. पुढे एक अक्षर जोडलं की नाव तयार. कोबॉलच्या नावाची पारंपरिक मर्यादा ३० अक्षरं, दुप्पट ६०, अधिक एक, ६१. मर्यादा ६२ची. बसतं, एक अक्षर उरतंसुद्धा.

आणि घोषणेचा त्रास? नोंद करायचा एक छोटा मॅक्रो, शोधायचा दुसरा. प्रत्येक कॉलला मॅक्रोचं लोकल विश्व नव्याने उभं राहतं, म्हणून ००४ई येतच नाही. शोधलेली किंमत एका ठरलेल्या ग्लोबलमध्ये ठेवून परतायचं. बाकी कुणीही कंसवालं नाव लिहायचं नाही. फाइंड मारली की तेवढे दोनच मॅक्रो सापडतात, आणि सापडायला हवेत तेवढेच ते.

नागपूर_ते_टोरांटो
सी२एक्सचं हे डोक्यात आलं नव्हतं. अक्षरी किल्लीपुरता विरोध मागे. आकड्यांसाठी कायम.

टिंबटिंब
काल ऑफिसात हा धागा दाखवला तर एका सहकाऱ्याने भारी किस्सा सांगितला. उलट व्यवहारांना त्यांच्याकडे वजा क्रमांक होते, म्हणजे ३ चा उलटा -३. नाव &(शु&प्र). चाचणीत ३ चा दर सतत उलट व्यवहाराचा येत होता. कारण सेटएची किंमत मजकुरात बसवताना असेंबलर वजाचं चिन्ह टाकून देतो. -३ आणि ३, दोघांचंही शु३.

शिस्तीची_माणसं
हो, सुरुवातीची शून्यंही जातात. सेटए ७ वरून शु७ होतं आणि सेटसीत (मजकूर ठेवणाऱ्या व्हेरिएबलात) '०७' असेल तर शु०७, ही दोन वेगळी व्हेरिएबलं. एकाने इकडून भरलं, दुसऱ्याने तिकडून वाचलं की रिकामं. चिन्ह राखायचं तर साइन्ड फंक्शन आहे, पण नावात वजा चालतच नाही, म्हणून क्रमांकात काहीतरी मिळवून धन करून घ्यायचे.

क्लिनिकल_कमल
हे सगळं वाचून सॅसबद्दलच्या माझ्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. वाचनखूण साठवली.

शेवटचा_डबा
एवढ्या प्रतिसादांनंतर मीच गप्प होतो, कारण खरंच करून बघत होतो.

टोरांटोकर आणि शिस्त, दोघांचं अर्धं-अर्धं घेतलं. आमच्या किल्ल्या आकडीच आहेत, छोट्या आहेत आणि जवळपास सगळी घरं भरलेली. म्हणून आत ॲरे, &शु(१४४०), आणि घराचा क्रमांक असा: ((प्र-१)*१२+(व-१))*३+मा. पण तो हिशोब एकाच ठिकाणी. ‘ठेव’ आणि ‘काढ’ असे दोन मॅक्रो केले, बाकीच्यांना आत ॲरे आहे की कंस आहे ते कळायची गरज नाही.

लीडला पटवलं काकांच्या पहिल्या प्रतिसादातल्या वाक्याने: ऑब्जेक्टमध्ये मागमूस राहत नाही. म्हणजे तिसरा निकष जोडायच्या आधी नुसती आतली रचना बदलली तर जुनं आणि नवं ऑब्जेक्ट तंतोतंत सारखं निघायला हवं. दोन्ही असेंबल करून टेक्स्ट रेकॉर्ड (ऑब्जेक्टमधला खरा कोड आणि डेटा) ताडून पाहिले. सारखे निघाले. यावर लीडकडे उत्तर नव्हतं.

मग माध्यम जोडलं आणि नवीनच नाटक. छापणारा मॅक्रो टेबलाच्या शेवटाजवळ थांबतो. एएसएमए०१३ई. दर सगळे बरोबर, फक्त शेवटचे गायब. हे कशामुळे?

पंचकार्ड_काका
एसीटीआर. मॅक्रोत एजीओ (बिनशर्त उडी) किंवा सफल एआयएफ (अट खरी ठरली तर उडी) किती वेळा उडी मारेल याची मर्यादा असते, काही सांगितलं नाही तर ४०९६. न थांबणाऱ्या लूपपासून बचाव म्हणून. तुमच्या लूपमध्ये एका घरामागे किती उड्या?

शेवटचा_डबा
तीन.

पंचकार्ड_काका
आधी ४८० घरं, १४४० उड्या, कुणाला कळलंच नाही. आता १४४० घरं, ४३२० उड्या. छापणाऱ्या मॅक्रोच्या सुरुवातीलाच मर्यादा वाढवून टाका. ही मर्यादा मॅक्रोगणिक वेगळी असते, बाहेर लिहून आत लागू होणार नाही.

शेवटचा_डबा
एसीटीआर १०००० टाकलं. टेबल पूर्ण आलं, शेवटचा दरसुद्धा. धन्यवाद काका.

कावळा_काव
मी पहिल्याच प्रतिसादात धागा बंद करा म्हटलं होतं. नोंद असावी.

वाकड_टू_व्हर्जिनिया
भाचा विचारतोय, झेड३९० मॅकवर चालतो का?

सातारी_कंदील
जावावर चालतो, त्यामुळे हो. ७२व्या रकान्यासाठी एडिटरमध्ये उभी रेघ लावून घे म्हणावं.